भिंतीची पुढची बाजू

मंगळवार, ५ मार्च

सकाळी बस गाठायला निघाले तर समोरच्या मोकळ्या जागेत खुंट्या ठोकलेल्या. एका रांगेत, लाल फिती बांधून. नगरपालिकेचा माणूस दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता.

"काय येतंय इथे?" मी विचारलं.

"हरित पट्टा."

"हिरवळीला एवढी सरळ रेघ कशाला लागते?"

त्याने डोळा काढला नाही. आम्हा वस्तीतल्यांशी बोलताना काहीतरी यंत्र मधे असलं की त्यांना बरं पडतं.

दिवसभर थिएटरात तिसऱ्या अंकाचा राजवाडा रंगवला. हात चालत होता, डोक्यात मात्र ती रेघ. नेमकी आमच्या पायवाटेवर आडवी गेली आहे. ही पायवाट कोणी आखली नव्हती. आमच्या वीटभट्टी वस्तीतली माणसं दुकानाला, शाळेला, बसला, दवाखान्याला जाता जाता ती पडली. पलीकडे सूर्य रस्ता, अलीकडे आम्ही, मधे ती जागा. सूर्य रस्त्याला निळी पाटी आहे, पांढऱ्या अक्षरांची. आमच्याकडे सगळ्या वस्तीत मिळून एकच पाटी: कचरा टाकू नये.

शनिवार, ९ मार्च

शाळेच्या जिममध्ये सभा झाली. सूर्य रस्तावाले पुढच्या खुर्च्यांवर, आम्ही मागे भिंतीला टेकून. कोणी सांगितलं नव्हतं तसं उभं राहायला. पाय आपोआप मागे जातात, याचाच मला जास्त राग येतो.

नगराध्यक्ष वाव्रेक चांगला बोलतो. "मंडळी, कृपा करून भिंत म्हणू नका. हा ध्वनिरोधक आहे."

माझ्या सासूने, हेलेनाने, हात वर केला. "कुणाचा ध्वनी हो?"

"सूर्य रस्त्याच्या वाहनतळाचा, आजी."

"पण गाड्या तर तुमच्याच आहेत. आमच्याकडे एक गाडी, ती पण तीन वर्षं विटांवर उभी. ती काय ओरडते?"

मागे हशा पिकला. पुढे कोणी वळलं नाही. बेन्कोवाबाई तेवढ्या वळल्या, आणि त्यांनी लगेच मान फिरवली. शाळेत मला भूगोल शिकवायच्या त्या. नकाशावर नदी निळीच हवी, म्हणून माझी हिरवी नदी खोडायला लावली होती त्यांनी.

मग मी विचारलं, "साहेब, पुढची बाजू कुठली?"

"कशाची?"

"त्या तुमच्या ध्वनिरोधकाची."

"भिंतीला पुढची-मागची बाजू नसते, बाई." स्वतःच भिंत म्हणाला आणि जीभ चावली.

"असते. मी थिएटरात पडदे रंगवते. प्रत्येक वस्तूला एक बाजू प्रेक्षकांसाठी असते आणि एक विंगेतल्या लोकांसाठी. टेकू ज्या बाजूला, ती मागची. तुमचे टेकू कोणत्या बाजूला येणार?"

तो म्हणाला हा तांत्रिक प्रश्न आहे, आणि सूर्य रस्त्याच्या सगळ्या रहिवाशांची ही मागणी आहे. सगळ्या. हा शब्द त्याने दोनदा म्हटला.

गुरुवार, २१ मार्च

माझ्या नवऱ्याला, देझोला, काम मिळालं. चेक देशातली बांधकामाची साइट बंद पडल्यापासून घरी बसून होता, दाढी वाढवून. आज दाढी करून आला, मला वाटलं चांगली बातमी.

"कुठे?"

तो बूट काढत राहिला.

"कुठे, देझो?"

"इथेच. समोर."

मी हातातली मारिक्लीची पोळी तव्यावर तशीच सोडली. जळाली. "स्वतःच्या आईच्या दारापुढे भिंत बांधणार तू?"

"मी नाही बांधली तर दुसरा बांधेल. मी बांधली तर निदान ओळंब्यात तरी राहील."

"वा! गळफास सरळ हवा, एवढंच ना?"

हेलेना खिडकीपाशी बसून बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "सून, तवा बघ." आपल्या मुलाची बाजू घ्यायला तिला तवा पुरतो.

आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही. ताट वाढीन, बोलणार नाही.

शनिवार, ६ एप्रिल

उभी राहिली.

काँक्रीटचे उभे खांब आणि खांबांच्या खाचांत बसवलेल्या फळ्या. देझोच्या उंचीच्या दीडपट. टेकू आमच्या बाजूला, अर्थातच. तिरपे, जाडे, गुडघे पुढे काढून बसल्यासारखे. कोणी न सांगता भिंत सांगते: तुम्ही विंगेतले.

दुपारी मुद्दाम लांबच्या वाटेने, पुलावरून फिरून, पलीकडे गेले. तिकडे एक कंपनी चित्र काढत होती. कुरण. डेझीची फुलं, फुलपाखरं, एक हरीण. हरणाचे गुडघे उलटे. मी त्या रंगाऱ्याला सांगितलं, "बाळा, हे हरीण उठलं तर मागे चालेल." तो हसला, मग मी कुठून आले ते त्याच्या लक्षात आलं आणि हसू आवरलं. शेजारी नवी पाटी: हरित पट्टा. पाटी हिरवी आहे हे खरं.

दुपारनंतर भिंतीची सावली हेलेनाच्या बाकावर येते. ती बाक सरकवते. सावली पुढे येते. ती पुन्हा सरकवते. आज संध्याकाळी बाक आमच्या दाराला टेकलं होतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

दुकानात गेले. परत येताना पिशव्यांनी बोटं कापली. पुलावर शाळेतली पोरं भेटली, गुडघ्यापर्यंत चिखल. वस्तीतले लोक देझोला "इंजिनीअर" म्हणायला लागले आहेत. आज कोणीतरी आमच्या दारावर खडूने भिंत काढली, आणि भिंतीवर बसलेला कावळा. मी पुसलं नाही. देझोने बघितलं, तोही न पुसता आत आला. निर्लज्ज माणूस.

सोमवार, २२ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. पुरुष बायकांना पाण्याने भिजवत फिरतात तो दिवस. दर वर्षी सूर्य रस्त्यावरचा हुदाक पायवाटेने यायचा, हातात अत्तराची बाटली, कारण त्याच्या मते बादली रानटी असते. तो रेल्वेत होता. पोट एवढं मोठं की अत्तर शिंपडायला वाकायचं तर आम्हालाच पुढे व्हावं लागायचं. एक घोट पाळेंका दारू, एक अंडं, आणि परत. एवढाच संबंध, पण होता.

आज नाही आला. पुलावरून फिरून अत्तर शिंपडायला कोण येतो?

हेलेना दाराशी टेकलेल्या बाकावर बसली होती, ठेवणीतला स्कार्फ बांधून. म्हणाली, "इथून मला बेन्कोवाबाईच्या खिडकीतली लाल फुलं दिसायची. आता नुसती वरची चौकट दिसते. आणि बसथांबा. बस आली की कोण उतरलं ते बघत बसायचे मी. आता काय बघू, हे?"

मी तिच्या शेजारी बसून भिंतीकडे बघितलं. राखाडी, सपाट, लांबलचक. आयुष्यभर मी असलंच बघत आले आहे. ताणून बसवलेलं कोरं कापड.

म्हटलं, "आई, तुम्हाला परत आणून देते."

"काय?"

"सगळं. खिडकी, फुलं, बसथांबा. जे त्यांनी झाकलं, तेच त्यावर रंगवते. भिंत नसती तर जे दिसलं असतं, अगदी तेच."

हेलेनाने स्कार्फची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "बस पण काढ. उशिरा येणारी."

शनिवार, २७ एप्रिल

थिएटरचे रंग पावसात वाहून जातील, म्हणून वस्तीत घरोघर फिरले. प्रत्येकाच्या पलंगाखाली घर रंगवून उरलेला डबा असतोच. जर्दाळूचा रंग, पिस्त्याचा, निळा, आणि एक जांभळा, जो कोणी का घेतला होता हे विचारायची मला हिंमत झाली नाही. सूर्य रस्ता आमच्या स्वयंपाकघरांच्या रंगात निघणार. चालेल.

एक गंमत झाली. कोऱ्या काँक्रीटवर रंग धरत नाही, आधी धुऊन अस्तराचा हात मारावा लागतो. त्याची काळजी करतच सकाळी गेले, तर भिंत धुतलेली आणि पांढरी. टेकूंच्या मागच्या सांदीकोपऱ्यांतसुद्धा हात फिरलेला. नगरपालिकेचंच काम असणार, पुढे काही लावायचं असेल. हेलेनाने विचारलं तर देझो म्हणाला, "असेल." तीन अक्षरं. खांद्याला मलम चोळत होता, त्या अवजड फळ्या उचलल्याचा परिणाम असेल. मी सहानुभूती दाखवली नाही.

शनिवार, ४ मे

सुरुवात केली. दोरीला नीळ घासून सूत मारलं, म्हणजे भिंतीवर सरळ रेघा उठवल्या. आधी तो बिंदू शोधला जिथे सगळ्या रेषा जाऊन मिळतात. तो पायवाटेच्या टोकाशी होता, बरोबर बसथांब्यावर. तिथे खिळा ठोकला आणि रस्ता, छपरं, खिडक्या सगळं त्या खिळ्याला बांधलं.

पायवाट काढली तेव्हा लोक जमले. जमिनीवरची खरी वाट भिंतीपाशी येऊन थांबते, आणि रंगातली तिथूनच पुढे चालू होते. सांधा कळत नाही. लहान पोरं धावत जाऊन धडकायचं नाटक करत होती. एक म्हातारा मात्र खराच चार पावलं गेला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. नंतर म्हणाला, "बूट बघत होतो." कोणी हसलं नाही.

टेकू अडचणीचे होते. त्यांची झाडं केली. सूर्य रस्त्यावर लिंडनची झाडं आहेतच. आता टेकू मागच्या बाजूचे राहिले नाहीत.

रविवार, १२ मे

इमारती झाल्या, आता माणसं. हे मी मनापासून केलं आणि थोडं दुष्टपणानेही. वर्षानुवर्षं ज्या खिडक्यांतून आमच्याकडे बघितलं गेलं, त्या खिडक्यांत बघणारे काढले. हुदाक गॅलरीत, बनियनमध्ये, पोट कठड्यावर ठेवून. तिथेच राहणाऱ्या दोघी बहिणी गालिचा झटकताना. आणि तिसऱ्या मजल्यावर बेन्कोवाबाई: अर्धा पडदा, अर्धा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. त्या सभेत मान फिरवली ना, तीच मान.

हेलेनाने लाल फुलं तपासली. "जिरॅनियम आहे ते, टोमॅटो नव्हे." दुरुस्त केली.

रविवार, १९ मे

ते आले. पुलावरून, फिरून, चर्च सुटल्यावर. आधी दोघी बहिणी. कोणीतरी फोनमध्ये फोटो दाखवला असणार. दुपारपर्यंत सूर्य रस्त्यावरची माणसं आमच्या वस्तीत, आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर उभी, आपलीच घरं बघत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी इथे जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. पाय कुठे ठेवावेत कळत नव्हतं त्यांना. मला ते ओळखीचं वाटलं, पाय मागे जाणं.

हुदाक कमरेवर हात ठेवून स्वतःकडे बघत राहिला. "योलाना, हे पोट जास्त झालं."

"कमीच केलंय, हुदाक. कठडा तुटला असता."

"निदान शर्ट तरी घाल मला!"

"शर्ट घालून गॅलरीत येशील त्या दिवशी घालते."

सगळे हसले, त्यांचेही आणि आमचेही. हेलेनाने कॉफी आणली.

बेन्कोवाबाई शेवटी आल्या, काठी टेकत. मान वर करून आपली खिडकी शोधली. मग विचारलं, "मी अशी दिसते?"

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "सकाळी मुलं या वाटेने शाळेत जायची, ती बघायला मी उभी राहायचे. दप्तर कोणाचं उघडं, बूट कोणाचा सुटलेला. पडदा यासाठी, की त्यांना वाटू नये बाई लक्ष ठेवतात." कॉफी न घेता गेल्या.

बरी जिरली. मुलं म्हणे! इतका कळवळा होता तर त्या सभेत तोंड का उघडलं नाही?

मंगळवार, २१ मे

भिंतीच्या वर बेन्कोवाबाईच्या खिडकीची वरची चौकट दिसते. आज पडदे नाहीत. धुवायला काढले असतील.

शुक्रवार, २४ मे

अजून पडदे नाहीत. किती धुते ही बाई!

रविवार, २६ मे

चित्र आणि वर दिसणारा खरा तुकडा जुळत नाही, डोळ्याला खुपतं. म्हणून शिडी लावून चित्रातला पडदा काढून टाकला. पडदा गेल्यावर चेहरा पूर्ण काढावा लागला. पूर्ण चेहऱ्याला ते ओठ शोभेनात, म्हणून तेही बदलले. माझ्या मनात काही नव्हतं. पडदा जुळायला हवा, बस.

बुधवार, ५ जून

पोलीस शिपाई ल्युबोश आला. चांगला पोरगा आहे, पण टोपी घातली की आवाज बदलतो.

"योलानाकाकू, हे विनापरवाना आहे. शुक्रवारी राखाडी मारणार आहेत."

"कोणी तक्रार केली?"

"तक्रार नाही. वाव्रेकसाहेब म्हणाले, सार्वजनिक मालमत्तेवर संदेश चालणार नाही."

"संदेश कुठे आहे? एक अक्षर दाखव. घरं आहेत, झाडं आहेत, हुदाकचं पोट आहे."

"काकू, मला कळतंय ना."

"काय कळतंय?"

तो टोपी काढून डोकं खाजवत बसथांब्याकडे बघत राहिला. रंगवलेल्या. "बस खरीच उशिरा आल्यासारखी वाटते," म्हणाला आणि गेला.

पलीकडच्या उलट्या गुडघ्यांच्या हरणाला परवाना आहे. राखाडीलाही परवाना आहे. त्यांना चित्राचं वावडं नाही. कोण कोणाकडे बघतंय, त्याचं आहे.

शुक्रवार, ७ जून

आजचं सगळं लिहायला हवं.

नगरपालिकेची गाडी आली. राखाडीच्या बादल्या, लांब दांड्यांचे रोलर. माणसं उतरली, त्यांत देझो. भिंत झाल्यावर त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं, खड्डे बुजवायला, बाकं रंगवायला. त्याला माहीत होतं का? माहीत असणारच. काल रात्री जेवला नव्हता.

सगळी वस्ती बाहेर. कोणी शिट्टी मारली, कोणी ओरडलं, "चला, इंजिनीअर!" मुकादमाने त्याच्या हातात रोलर दिला आणि म्हणाला, "तुझ्याच बायकोचं आहे, तूच सुरू कर. म्हणजे कोणी गडबड करणार नाही."

मी पुढे झाले नाही. मला बघायचं होतं. खरं सांगते, मला त्याला सगळ्यांच्या नजरेतून पडताना बघायचं होतं.

देझो रोलर घेऊन भिंतीपाशी गेला. ओला रोलर, राखाडी ठिबकत होता. तो पायवाटेपुढे उभा राहिला. चित्राच्या इतक्या जवळ तो कधी गेला नव्हता, निदान माझ्यासमोर. मग त्याने रोलर बादलीत उभा ठेवला. अगदी सावकाश, शिंतोडा उडू नये असा.

"काय झालं?" मुकादम.

"भिंत बांधली मी. पोटासाठी. शिव्या खाल्ल्या, त्या माझ्या होत्या, मी गिळल्या. हे नाही करणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

एवढंच. "बरं." जाकीट काढून दिलं, पिवळ्या पट्ट्यांचं. शर्टावर घाम होता. तो माझ्याकडे आला नाही. हेलेनाच्या बाकावर जाऊन तिच्या शेजारी बसला. तिने स्कार्फच्या टोकाने त्याच्या कानामागचा राखाडी डाग पुसला.

बाकीच्यांनी काम केलं. आधी बसथांबा गेला. दुपारपर्यंत झाडं. बेन्कोवाबाईच्या खिडकीला शिडी लागली, ती शेवटी गेली.

मी देझोला म्हटलं, "जेवायला चल." अडीच महिन्यांनी.

शनिवार, ८ जून

राखाडी.

मंगळवार, ११ जून

थिएटरात चक्रीवादळाचं आकाश रंगवते आहे. प्रमुख म्हणाला, "योलाना, हे जरा जास्तच काळं झालंय." मी म्हटलं, "वादळ आहे."

लोक म्हणतात परत काढ. ते परत पुसतील. मीही परत काढीन, पण आज बसमध्ये बसल्या बसल्या वाटलं, माझं चुकलं कुठेतरी. मी विंगेत पडदा रंगवला. प्रेक्षक पुलावरून फिरून आले तर आले, नाही तर नाही. आणि पुसणाऱ्याला सोपं गेलं, कारण मागच्या बाजूचं काय गेलं याची कोणाला पडलेली नसते.

पुढच्या बाजूला जायला हवं.

देझोला सांगितलं. तो कॉफी ढवळत म्हणाला, "हरणावर रंग लगेच धरेल. तिकडची भिंतही मीच घासली होती."

शनिवार, १५ जून

भर सकाळी निघालो. लपूनछपून करायचं नाही हे आधी ठरवलं होतं. मी, देझो, शिडी, डबे भरलेली हातगाडी. पुलावरून, फिरून, सूर्य रस्त्याच्या मधून. खिडक्या उघडत होत्या. मी चांगला ब्लाउज घातला होता.

हरणापुढे उभं राहून सूत मारलं आणि कुरणातच वस्ती काढायला घेतली. वीटभट्टीची चिमणी. विटांवरची गाडी. पत्र्याची छपरं, डिशा, दोऱ्यांवरचे कपडे. इकडून भिंत नसती तर जे दिसलं असतं ते. सुंदर केलं नाही, घाणेरडंही केलं नाही. जसं आहे तसं, सकाळच्या उन्हात. हरीण राहू दिलं, कपडे हुंगताना.

हुदाक धावत आला, शर्टाची बटणं लावत. "योलाना, हे आमच्या बाजूला आहे!"

"माहीत आहे."

"अगं, आम्हाला रोज बघावं लागेल!"

"हो," मी म्हटलं. "तेच."

त्याने ल्युबोशला फोन केला. वाईट वाटलं, पण हात थांबवला नाही. बहिणींनी खिडकी आपटून लावली. कोणीतरी वरून ओरडलं, "जा की आपल्या घरी!" देझो शिडी धरून उभा होता. वर न बघता म्हणाला, "घरच तर काढतेय ती."

ल्युबोश आला तेव्हा टोपी घातलेली होती. "काकू, खाली उतरा. परवानगी कोणाची आहे?"

तेवढ्यात दार उघडलं आणि बेन्कोवाबाई बाहेर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली खुर्ची, पायरीपायरीवर आपटत. कोणालाही हात लावू दिला नाही. खुर्ची फुटपाथवर, चित्रासमोर ठेवली आणि बसल्या.

"माझी परवानगी आहे," म्हणाल्या.

"बाई, तुमची नाही चालत. नगरपालिकेची लागते."

"ही भिंत ज्यांनी मागितली त्यांत माझी सही आहे, ल्युबोश. हुदाक कागद घेऊन आला, आवाजाचं म्हणाला, मी चष्माही न लावता सही केली. तेव्हा माझं नाव चाललं. आज का चालत नाही?"

ल्युबोश त्यांचा विद्यार्थी, माझ्यासारखाच. त्याची मान खाली गेली.

"आणि तू उभा आहेस तिथून सरक. मला दिसत नाही."

तो सरकला. सगळा सूर्य रस्ता बघत असताना पोलीस सरकला. मी ब्रश बुडवला. माझे डोळे भरले होते, पण ते वाऱ्याने असेल. शिडीवर वारा होता.

रविवार, १६ जून

चर्च सुटल्यावर हेलेना आली. पुलावरून, चालत, ठेवणीतल्या स्कार्फमध्ये, कारण तिला चित्रात यायचं होतं. बेन्कोवाबाईंनी दुसरी खुर्ची आणवली. जन्मभर एकमेकींच्या समोर राहून आज पहिल्यांदा दोघी शेजारी बसल्या, आणि लगेच भांडल्या.

"तुमच्या कपड्यांच्या दोऱ्या इतक्या खाली का?"

"तुमच्या जिरॅनियमला पाणी जास्त होतं. पानं पिवळी पडलीत. भिंत येण्याआधीच बघितलं होतं, मग सांगणार कशी?"

"यायचं होतं ना."

"कुठून?"

बेन्कोवाबाईंनी आपल्या पर्समधून गोड गोळ्यांचा डबा काढून पुढे केला. हेलेनाने दोन घेतल्या.

हुदाक लांब उभा होता. शर्ट घालून. अजून जवळ आलेला नाही. येईल किंवा नाही येणार.

शनिवार, २२ जून

आज चित्र पुरं झालं. भिंत उभीच आहे. सूर्य रस्त्यावरची निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. सोमवारी नगरपालिकेत बोलावलं आहे, दंड होईल, आणि वाव्रेक म्हणतो की राखाडी पुन्हा येईल. पण सूर्य रस्त्यावर, दिवसाढवळ्या, बेन्कोवाबाईंच्या खुर्चीसमोर राखाडी मारणारा मुकादम अजून मिळालेला नाही.

शेवटचा हात फिरवत होते तर ल्युबोश वही घेऊन आला. "काकू, एक औपचारिकता. चित्र कोणी काढलं, ते नोंदवायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी लिहीन, अज्ञात इसम. मला काही अडचण नाही." हे बोलताना तो हळू आवाजात, खाली बघत बोलला. पोरगा चांगलाच आहे.

वीस वर्षं मी पडदे रंगवते आहे. राजवाडे, जंगलं, समुद्र. पडद्यावर आमची सही नसते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पडदा वर जातो, आणि तो कोणी काढला हे कोणाला माहीत नसतं. थिएटरात तोच नियम आहे, मला कधी खुपला नाही.

मी देझोला म्हटलं, "लाल दे."

त्याने डबा उघडला, काठीने ढवळला, आणि विचारलं, "केवढी अक्षरं?"

"दाराएवढी."

त्याने शिडी लावली. मी चिमणीच्या बाजूने सुरुवात केली आणि भिंत संपेपर्यंत नेली. योलाना तुलेयोवा, वीटभट्टी. आडनावासकट, पत्त्यासकट. लाल अक्षरांना पांढरी कडा दिली, म्हणजे बसथांब्यावरूनही वाचता येईल.

खाली उतरले. ल्युबोश वही उघडी धरून उभाच होता.

"लिही आता," मी म्हटलं. "समोर आहे."